एक आडनाव, अनेक घराणी

कुलकर्णी आडनावाची दोन माणसे कोठे एकत्र आली, की “आपण कुठले कुलकर्णी?” हा प्रश्न पहिल्या चार वाक्यांतच निघतो, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यास आडनावाने घराण्याची ओळख पटत नाही, ती गावाने पटते, हे न शिकताच ठाऊक असते. गावचा जमाबंदीचा हिशेब ठेवणे हे कुलकर्ण्याचे काम, ते वंशपरंपरेने चाले, आणि ज्या घराण्याकडे ते वतन असे त्यास तेच नाव पडे, मग ते घराणे देशस्थ असो, कऱ्हाडे असो, प्रभू असो वा लिंगायत असो. ज्ञानदेवांच्या पूर्वजांकडे आपेगावचे कुलकर्ण होते आणि समर्थ रामदासांच्या ठोसर घराण्याकडे जांब गावचे. पण वतन एक म्हणून वंशही एक, असे अनुमान कोणताही विवेकी संशोधक काढणार नाही. उलटपक्षी, श्रीवर्धनचे भट हे वतनाने देशमुख आणि पदाने पेशवे झाले, व त्याच श्रीवर्धनच्या भानूंना फडणीशी मिळाल्यावर जग त्यांना फडणीस म्हणू लागले. एका नावाखाली अनेक कुळे आणि एका कुळाला अनेक नावे, असा हा दुहेरी गुंता आहे.

हा गुंता सोडविण्यासाठी पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसण्याचा योग मला पुष्कळ वेळा आला. तेथील मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि वतनदारांच्या पूर्वजांविषयी त्यांत जी विपुल माहिती सापडते तिचे बरेचसे श्रेय, काहीशा विपरीत रीतीने, इनाम कमिशनकडे जाते. 1852 च्या कायद्याने बळ मिळालेल्या या कमिशनने इनामदार आणि वतनदार यांच्याकडे त्यांच्या हक्काचा पुरावा मागितला. हेतू सारा वाढविण्याचा होता, परंतु त्या धाकाने घरोघरच्या सनदा बाहेर निघाल्या, कैफियती लिहिल्या गेल्या आणि वंशावळी सरकारदरबारी रुजू झाल्या. रियासतकार सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात या दफ्तरातून निवडलेले कागद 45 खंडांत प्रसिद्ध केले. तरी छापील झाले ते अल्प, आणि रुमालांत राहिले ते अपार.

केवळ आडनाव घेऊन या दफ्तरात शिरणाऱ्याची मात्र निराशाच होते. कारण कागदात बहुधा आडनाव नसतेच. असते ते मनुष्याचे नाव, त्यापुढे बापाचे नाव, नंतर हुद्दा, मौजा आणि परगणा. त्यातून मोडीचा लेखक शिरोरेषा आधी ओढून घेतो आणि तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरे अशी सोडीत जातो, की शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवावे. आणि अक्षर लागले तरी माणूस लागतोच असे नाही. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या आपल्या चालीमुळे रामाजी त्रिंबक, त्याचा पुत्र त्रिंबक रामाजी, आणि त्याचा पुत्र पुन्हा रामाजी त्रिंबक, अशी माळ लागते. कागदातील रामाजी हा आजा की नातू, याचा निकाल लावण्यास काळ निश्चित करण्यावाचून गत्यंतर नसते. तो काळही अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार मिळून शुहूर सन 1172; हे वर्ष मृग नक्षत्री सूर्य येतो तेव्हा सुरू होते, म्हणून ते इसवी सन 1771 च्या मृगापासून 1772 च्या मृगापर्यंतचे. पुढे ‘छ’ हे अक्षर, मुसलमानी महिना आणि चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख, दिलेला असला, की निरनिराळ्या कालगणनांचा मेळ घालणारी मोडकांची जंत्री उघडून नेमका दिवस काढता येतो, आणि दोन रामाजींमधले अर्धशतकाचे अंतर उजेडात येते.

तथापि वंशशोधकास खरा आधार मिळतो तो वतनाच्या भांडणात. ज्या घरात कधी तंटा झाला नाही त्या घराची वंशावळ कागदावर क्वचितच चढते. भाऊबंदांनी एकमेकांवर फिर्याद केली, की दोन्ही पक्षांस आपापला करीना लिहून द्यावा लागे, मूळ पुरुषापासून कोणाचे पोटी कोण झाला हे सांगावे लागे, आणि मग गोतसभा बसून महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. असा महजर हाती घेतला म्हणजे डोळे प्रथम जातात ते त्याच्या शेवटाकडे. लांब कागदाच्या अखेरीस साऱ्या गावाची साक्ष उभी असते: पाटलाच्या नावाखाली नांगर, न्हाव्याच्या नावाखाली आरसा, चांभाराच्या नावाखाली आरी. ज्यांस अक्षर येत नव्हते त्यांनी आपल्या हत्याराची आकृती काढून अमका अमक्याचा पुत्र ही गोष्ट खरी असल्याची ग्वाही दिली आहे. आज ज्या कुलकर्ण्याचा वंशज आपल्या पूर्वजांचा अभिमान वाहतो, त्याचा वंश त्या चांभाराच्या साक्षीने सिद्ध झालेला असतो, हे पाहून मला प्रत्येक वेळी गहिवर येतो.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांनी या साखळीतील तुटलेले दुवे कधी कधी सांधले जातात, कारण यात्रेकरूने तेथे आपले गाव, गोत्र आणि वाडवडील स्वहस्ते लिहिलेले असतात. अर्वाचीन विद्वत्तेच्या नोंदींचा प्रकार याहून निराळा. शंकर गणेश दाते यांची 1800 ते 1937 या काळातील ग्रंथांची ‘मराठी ग्रंथसूची’ किंवा चित्रावशास्त्र्यांचे चरित्रकोश पाहावेत, तर तेथे आडनाव अग्रभागी आलेले असते. दफ्तरात गाव आहे पण आडनाव नाही, आणि सूचीत आडनाव आहे पण गाव नाही. या दोहोंना जोडणारा पूल म्हणजे घरात जपलेला एखादा कागद.

1 मे 1951 रोजी कुलकर्णी वतने कायद्याने संपुष्टात आली. ते न्याय्यच झाले. परंतु वतनाबरोबर कागद जपण्याची गरजही संपली, आणि माळ्यावरचे रुमाल वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या स्वाधीन होऊ लागले. म्हणून वाचकांस माझी कळकळीची विनंती आहे: घरात मोडी कागद असतील तर ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेस दाखवा, आणि कागद नसतील तर निदान आपले मूळ गाव, गोत्र, कुलदैवत आणि वडील माणसांना आठवतील तेवढ्या पिढ्यांची नावे आजच लिहून ठेवा.