डबा न उघडता

बंद डब्यातलं सर्किट ओळखायचं असेल तर आपण इनपुटच्या वायरी उलट जोडून आउटपुट बदलतं का ते बघतो. आनुवंशिकतेचे अभ्यासकही हेच करतात. आई-बापांचे गुण अदलाबदल करून दोन संकर करायचे आणि संततीत नर-मादी वेगवेगळे मोजायचे. बस्स!

१९१० साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना फळमाश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर मिळाला. लाल डोळ्यांच्या माद्यांशी त्याचा संकर केला, तर संतती जवळजवळ सगळी लाल डोळ्यांची. म्हणजे लाल रंग प्रभावी. पुढच्या पिढीत लाल डोळ्यांच्या माद्या २४५९, लाल डोळ्यांचे नर १०११, पांढऱ्या डोळ्यांचे नर ७८२ आणि तशी मादी एकही नाही! नुसती बेरीज केली असती तर ही गंमत दिसलीच नसती. उलट्या संकरात, म्हणजे आई पांढऱ्या डोळ्यांची घेतली तर, मुली लाल डोळ्यांच्या आणि मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे निघतात. कारण नराकडे एक्स गुणसूत्र एकच, आणि तेही आईकडून आलेलं.

आता कोंबड्या बघू. पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी आणि ऱ्होड आयलंड रेड कोंबडा यांची नर पिल्लं पट्टेरी होतात, माद्या काळ्या. अदलाबदल करून कोंबडा पट्टेरी घेतला तर सगळीच पट्टेरी. म्हणजे पट्टा प्रभावी. पण इथे अप्रभावी गुण बापाकडे असताना मुलगे-मुली वेगळे पडले. माशीत तो आईकडे असताना. यावरून कळतं की पक्ष्यांत एकेरी गुणसूत्र मादीकडे असतं. मला सगळ्यात आवडलं ते हेच: सूक्ष्मदर्शक न लावता, फक्त मोजून हे समजतं.

याचा व्यवहारात उपयोगही आहे. पहिल्या संकरातल्या नर पिल्लाच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी पांढरा ठिपका दिसतो, मादीचं डोकं काळंच. अंड्यांसाठी पिल्लं घेणाऱ्याचे पैसे वाचतात. मात्र हीच पिल्लं वाढवून आपापसांत संकर केला तर खूण जाते. नर-मादी दोघांतही निम्मे पट्टेरी निघतात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लं निरुपयोगी ठरवून पहिल्याच दिवशी मारतात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली. मोजणी आपल्याला नर कोणता ते सांगते. त्याचं काय करायचं, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.