राणीछाप रुपया मोडीत घालण्यापूर्वी

लक्ष्मीपूजनाच्या ताम्हणात हळदकुंकू वाहिलेले चार-दोन राणीछाप रुपये अजूनही पुष्कळ घरांत असतात. आजेसासूबाईंकडून आलेले, नाहीतर माहेरून ओटीत मिळालेले. वर्षातून एकदा ते बाहेर निघतात, चिंचेने लख्ख घासले जातात आणि पुन्हा कपाटात जातात. कधी नड आली किंवा नातवाच्या बारशाला वाळे करायचे ठरले, की त्यांची रवानगी सोनाराच्या तराजूत होते. तिथे सगळे रुपये सारखेच. एवढे तोळे चांदी, एवढे पैसे!

पण मैत्रिणींनो, सगळे रुपये सारखे नसतात. एकाच सालच्या दोन रुपयांत एखाद्या टिंबाचा किंवा पाकळीचा फरक असतो, आणि संग्राहक त्या फरकाला चांदीपेक्षा जास्त मोल देतात. तो ओळखायला मोठी विद्या लागत नाही. तांदूळ निवडणारी नजर पुरते.

ठसा म्हणजे काय?

टांकसाळीत पोलादाचे दोन ठसे असतात, एक छाप्याचा नि एक काट्याचा. मध्ये धातूची चकती ठेवून दाबली, की नाणे तयार. ठसा झिजला की दुसरा घेतात, आणि त्यात कुठेतरी बारीकसा फरक राहून जातो.

मोदकाच्या साच्याचे उदाहरण घ्या. साच्याला चीर पडली, तर मोदकावर खाच पडत नाही, उंच रेघ उमटते, आणि तीही प्रत्येक मोदकावर त्याच जागी. नाण्याचेही तसेच. उंचावलेली रेघ दिसली तर ती बहुधा ठशाची. खोल गेलेला ओरखडा मात्र वापरातला, त्याला किंमत नाही. एवढा एक नियम लक्षात ठेवलात, तरी निम्मे काम झाले.

कुठे पाहायचे?

आधी राणीच्या डोक्याकडे पाहा. मुकुट नसेल आणि मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असेल, तर तो १८४० चा रुपया. यात दोन प्रकार आहेत. एकात राणीचे नाव डोक्यावरून सलग जाते, दुसऱ्यात ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना तुटलेले असते. हा फरक भिंगाशिवायही दिसतो.

मुकुट असेल तर साल वाचा. १८६२ चे रुपये सगळ्यांत मजेदार! त्यांच्यावर साल १८६२ असले, तरी ते त्याच वर्षी पाडलेले असतील असे नाही. १८७४ पासून खरे साल घालू लागेपर्यंत तेच साल चालू ठेवले होते. मग वर्ष कसे ओळखायचे? मुंबईच्या टांकसाळीने त्यासाठी टिंबांची खूण वापरली. सालाच्या खाली, कधी वरही, बारीक टिंबे असतात. वरची वेगळी मोजा, खालची वेगळी मोजा आणि वहीत लिहून ठेवा. नंतर राणीच्या झग्यावरची नक्षी पाहा, आणि मागच्या वेलबुट्टीतले सर्वांत वरचे फूल पाहा. कुठे त्याच्या पाकळ्या मोठ्या, कुठे लहान. साडीचे काठ पारखणाऱ्या बाईला हे वेगळे शिकवायला नको!

१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया असेल तर तो बाजूला ठेवा. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती इतक्या आखूड सोंडेचा झाला, की तो डुक्कर दिसू लागला. लोकांची, विशेषतः मुसलमान समाजाची, त्याला हरकत होती. ते रुपये मागे घेऊन पुष्कळसे वितळवले गेले आणि १९१२ मध्ये हत्ती सुधारून काढला.

सराव करायचा तर भाजीवाल्याकडून आलेली सुटी नाणी घ्या. सालाखाली चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. ही नोएडाची टांकसाळ १९८८ पासूनची. मुलांनाही हा खेळ फार आवडतो, बरं का!

हे सांभाळा

* चिंच, राख, पितांबरी, काही म्हणजे काही लावू नका. घासल्याने बारीक टिंबे झिजतात आणि नाण्याची किंमत उतरते. पूजेला दोन रुपये वेगळे काढा, बाकीचे तसेच राहू द्या.
* नाणे कडेने धरा. खिडकीपाशी बसून तिरप्या उजेडात, दहापट दाखवणाऱ्या भिंगातून पाहा.
* वजन करा. जुना चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. वापराने किंचित घटतो, पण बराच कमी भरला किंवा लोहचुंबकाला चिकटला तर नकली समजा. (१९४७ चा रुपया मात्र निकेलचा आहे. तो चिकटणारच.)
* प्रत्येक वेगळे नाणे दुर्मीळ नसते. एकाच्या सांगण्यावर विकू नका, दोघा-तिघा जाणकारांना दाखवा.
* ‘जुने नाणे द्या, लाखो मिळवा’ अशा जाहिरातींना भुलू नका. आधी कमिशन किंवा कर मागतात आणि मग गायब होतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे चालते म्हणून त्या बँकेनेच २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते.
* मुलगा अमेरिकेत असला, तरी शंभर वर्षांहून जुने नाणे त्याच्याकडे पाठवू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.

हे रुपये बहुतेक वेळा बाईच्या हातचे, तिच्या हक्काचे धन असते. विकायचे की ठेवायचे हे तुमचे तुम्ही ठरवा. पण तराजूत घालण्याआधी एक दुपार त्यांना द्या. एकदा मुशीत गेलेले टिंब पुन्हा मोजता येत नाही.