पंख गेले, पत्ता उरला

मृगाच्या आधी वळीव पडून गेला की तिन्हीसांजेला अंगणातल्या दिव्यावर तांबूस भुंगेरे येऊन आदळू लागतात. हे हुमणीचे भुंगेरे. शेतकरी त्यांना चांगलाच ओळखतो; कडुनिंबाच्या, बाभळीच्या फांद्या हलवून त्यांना खाली पाडतो आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकतो. त्यातला एखादा फरशीवर उताणा पडला तर त्याच्याकडे जरा वेळ पाहावं. पाय झाडत तो कसाबसा पालथा होतो, पाठीवरची दोन टणक झाकणं दाराच्या फळ्यांसारखी बाजूला करतो आणि आत घडी घालून ठेवलेले, कांद्याच्या पापुद्र्यासारखे पंख बाहेर काढतो. उडण्याचं काम या आतल्या पंखांचं. वरची झाकणं म्हणजे पुढच्या पंखांचंच कठीण झालेलं रूप.

हुमणीच्याच गोतातला, म्हणजे स्कॅरॅब कुळातला, पॅकिसोमा नावाचा शेणकिडा आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर राहतो. त्याची झाकणं कधीच उघडत नाहीत. मधल्या शिवणीवर ती एकमेकांना सांधली गेली आहेत आणि त्यांच्याखाली उडण्याजोगे पंखच नाहीत. पंखांबरोबर ते हलवणारे स्नायू गेले. त्या स्नायूंसाठी छातीचा जो मागचा भाग ऐसपैस असतो, तो आखूड झाला. झाकणांचे पुढचे कोपरे, ज्यांना किड्याचे खांदे म्हणता येईल, तेही उतरले. त्यामुळे जाणकाराला पाठ न उघडताच अंदाज येतो: खांदे गोल, म्हणजे बहुधा हा उडणाऱ्यातला नव्हे.

केप टाउनच्या परिसरापासून नामिबियातल्या कुइसेब नदीपर्यंत, किनाऱ्यालगतच्या वाळूत या गटाचं राज्य. हॅरिसन, शोल्ट्झ आणि चाउन या तिघांनी २००३ साली सगळ्या गटाचा आढावा घेतला. त्यात तेरा जाती धरल्या आणि त्यांतली एक विज्ञानाला नवी होती: पॅकिसोमा एन्ड्रोडाय.

नवी जात ‘सापडली’ अशी बातमी येते तेव्हा डोळ्यांपुढे येतो तो जंगलात वाकून बसलेला शास्त्रज्ञ. पण किडा हाती लागणं आणि तो नवा आहे हे कळणं, यांत कित्येकदा वर्षं जातात. वाळूत पेला पुरून, वर शेणाचं आमिष ठेवून किडे धरले जातात, टाचणीला लागतात आणि संग्रहालयाच्या खणात इतरांच्या रांगेत बसतात. मग कधीतरी कुणीतरी ती रांग सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसतं. डोक्याच्या पुढच्या कडेला दाते किती, पाठीवरचे खळगे दाट की विरळ, केस कुठे आहेत आणि कुठे नाहीत, पुढच्या पायावरचे काटे कसे वळले आहेत, हे एकेक किडा उलटापालटा करून पाहायचं. एवढ्यावरही भागलं नाही तर नराच्या पोटातून जननावयव काढायचा. कॉस्टिक पोटॅश घातलेल्या पाण्यात भोवतीचं मांस विरघळतं आणि अवयवाचा टणक सांगाडा तेवढा उरतो. बाहेरून जुळी भावंडं वाटणाऱ्या दोन जाती इथे अनेकदा वेगळ्या निघतात. हे काम डोळे थकवणारं आहे, पण त्याला पर्याय नाही. डीएनएची जोड आता मिळाली असली तरी तो कोणत्या किड्याचा हे सांगायला आधी किडा नीट पाहिलेला लागतोच.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात लिनिअसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरतात. तेव्हापासूनच्या प्रत्येक जवळच्या नावाशी नव्या किड्याला ताडून पाहावं लागतं. शेवटी एक नमुना निवडतात, होलोटाइप. नाव त्या एका किड्याला चिकटतं. पुढे वाद झाला तर सगळ्यांनी त्याच्याकडेच यायचं. २००० सालापासून तर असा नमुना नेमल्याशिवाय नवं नाव ग्राह्यच धरत नाहीत. या किड्याच्या टाचणीला बहुतेक ठिकाणी लाल चिठ्ठी लावतात. पण तिच्यासोबत आणखी एक साधी चिठ्ठी असते, नखाएवढी, बारीक अक्षरातली: कुठे, कधी, कुणी पकडला.

न उडणाऱ्या किड्याच्या बाबतीत ही दुसरी चिठ्ठी मला किड्याइतकीच मोलाची वाटते. उडणारा शेणकिडा शेणाचा वास काढत दूरवर जातो, तिथल्यांशी जुगतो आणि सगळा मुलूख एकाच जातीचा राहतो. पायी चालणाऱ्याला एखादी नदी किंवा वाळूच्या दोन पट्ट्यांमधली खडकाळ जमीनही आडवी येते. या बाजूचे या बाजूला राहतात, त्या बाजूचे त्या बाजूला, आणि हजारो पिढ्यांनी दोघांचं नातं तुटतं. गरीप, म्हणजे ऑरेंज नदी, हिचं नाव तर पॅकिसोमा गरीपिनम या जातीच्या अंगावरच आहे. आपल्या सह्याद्रीतही असं घडलेलं दिसतं. दक्षिणेकडच्या ओल्या रानांत ओचिकॅन्थॉन नावाचे लहानसे शेणकिडे आहेत आणि त्यांतल्या काहींनी उडणं सोडलं आहे. भारतीय उपखंडातल्या या गटाचा आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात या न उडण्याची खास दखल घेतलेली आहे. असा किडा ज्या डोंगरावर मिळतो, तो डोंगर गेला तर त्याला शेजारच्या डोंगरावर जाता येणार नाही.

मग पंख सोडले तरी कशासाठी? डार्विनला हा प्रश्न मदिरा बेटावरून पडला. तिथल्या ५५० भुंगेऱ्यांच्या जातींपैकी २०० जातींना उडता येत नाही, असं कीटकतज्ज्ञ वोलास्टनने नोंदवलं होतं. उडणारे वाऱ्याबरोबर समुद्रात जातात, बसून राहणारे वाचतात, असा अर्थ डार्विनने लावला. वाळवंटात कारण निराळं. पंख आणि त्यांचे स्नायू पोसायला फार खावं लागतं, आणि सांधलेल्या झाकणांखाली जी बंद पोकळी तयार होते ती पाणी राखते. किड्याच्या कुशीला श्वासाची छिद्रं असतात. पोटावरची छिद्रं या पोकळीत उघडतात, त्यामुळे श्वासाबरोबर जाणारी वाफ थेट बाहेर पडत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या अ‍ॅडोच्या हत्तींच्या अभयारण्यात सर्सेलियम नावाचा दुसरा, मोठा, न उडणारा शेणकिडा आहे. डंकन आणि बर्न यांनी २००२ साली दाखवलं की स्वस्थ बसलेला असताना हा किडा श्वास सोडतो तो मुख्यतः छातीच्या उजव्या बाजूच्या एकाच छिद्रातून. किड्याच्या अंगावर छिद्रांच्या जोड्याच्या जोड्या असतात, तरी बहुतेक काम एकटं उजवं करतं. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

पॅकिसोमाच्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी पाऊस नावालाच. बेंग्वेला या थंड प्रवाहावरून येणारं धुकं, तोच ओलावा. ओलं शेण मिळणं दुर्मीळ, म्हणून हा किडा वाळलेल्या लेंड्या आणि पालापाचोळा गोळा करतो. इतर गोळेवाले किडे डोकं खाली करून उलटे चालतात आणि मागच्या पायांनी गोळा लोटतात. हा मागच्या पायांत ओझं धरतो आणि सरळ पुढे चालत ते फरफटत आणतो. ओल लागेपर्यंत वाळू खणून केलेल्या बिळात ते ठेवतो, तिथे सुकलेलं अन्न पुन्हा मऊ होतं. एका खेपेत भागत नाही, म्हणून तो त्याच वाटेने पुन्हापुन्हा जातो आणि परत येतो.

याच खेपा बघताना एक नवल हाती लागलं. किडे साधारणपणे तीन पायांवर उभे राहून उरलेले तीन उचलतात. २०१३ साली स्मोल्का आणि सहकाऱ्यांनी पॅकिसोमाच्या तीन जातींची चाल चित्रित केली, तर त्या चक्क दौडत होत्या: पुढचे दोन्ही पाय एकदम, मग मधले दोन्ही एकदम, आणि मागचे नुसते फरफटत. वेगासाठी म्हणावं, तर नेहमीच्या चालीने जाणारी त्यांची भावंडं अधिक वेगाने जातात. बिळापासून आपण किती लांब आलो याचं माप अशा पावलांनी नेमकं राहत असावं, असा एक तर्क आहे. उडत परतता येत नाही, तेव्हा पावलं चुकली तर घर चुकलं.

त्या तीन दौडणाऱ्या जातींतली एक म्हणजे एन्ड्रोडाय. त्या चित्रीकरणाच्या दहा-एक वर्षं आधीपर्यंत तिला स्वतःचं नाव नव्हतं. चित्रफितीत ती धुक्याने दबलेल्या वाळूवर दोन-दोन पावलं एकदम टाकत येते, कुठेही न थबकता बिळाच्या तोंडाशी पोहोचते आणि मागच्या पायांत धरलेली लेंडी आत ओढून घेते.