दिव्यात पाणी का शिरतं?

चाकणला माझ्या मुलाची दुसरी पाळी रात्री सुटते. मागच्या पावसाळ्यात एकदा तो सांगवीला परतला तो घाबराच. भोसरीजवळ एक सायकलवाला त्याला अगदी ऐनवेळी दिसला होता.

सकाळी पाहतो तो गाडीच्या उजव्या हेडलाइटच्या तळाशी बोटभर पाणी आणि काचेवर आतून थेंबच थेंब. अशा काचेतून उजेड रस्त्यावर नेमका पडत नाही, इकडेतिकडे पसरतो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो. दिवा कंपनीचा नव्हता, बाजारातून स्वस्तात आणलेला. मी सिलिकॉनची नळी आणली आणि दिसेल ती फट, मागची बारीक भोकंसुद्धा, बुजवून टाकली. आठ दिवसांत पाणी पुन्हा हजर!

चूक माझीच होती. दिवा लावला की आतली हवा तापून फुगते आणि बाहेर पडते. विझला, वरून पाऊस पडला, की ती आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. या येण्याजाण्यासाठीच मागे लहानशी नळी किंवा भोक ठेवलेलं असतं. ते बुजवलं, की दिवा कच्च्या जोडातून हवा ओढतो. तिथे पाणी असेल, तर पाणीच.

पावसाळ्यात काचेवर पुसटसं दव धरलं आणि दिवा लावल्यावर हळूहळू गेलं, तर काळजी नको. थेंब ओघळू लागले किंवा पाणी साचलं, तर मात्र गळती समजा. आधी मागचं रबरी टोपण बघा. बाहेरून मोठा एलईडी बल्ब बसवला, की ते बरेचदा नीट लागत नाही. टोपण ठीक असेल, तर दिवा काढून वाळवा, मागची एक नळी सोडून बाकीची तोंडं बंद करा, जोडावर साबणाचं पाणी लावा आणि त्या नळीतून हलकेच फुंका. पंक्चरवाल्याच्या ट्यूबसारखाच बुडबुडा फट दाखवतो. (तळाला भोक पाडून देणारेही भेटतात. त्या वाटेनं पाणी जातं, तशी धूळही येते.)

फट बुजवायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका. त्याची वाफ आतल्या आरशावरचा ॲल्युमिनियमचा पातळ थर खाते. नळीवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं मागा, आणि ते पूर्ण सुकेपर्यंत दिवा बसवू नका.

आमच्या दिव्याची फट वरच्या कोपऱ्यात निघाली. ती बुजवली, मागची भोकं मोकळी केली. पाणी थांबलं. आरशावर मात्र माझ्या पहिल्या सिलिकॉनचे डाग उमटले होते, त्यामुळे दिवाळीनंतर तो दिवा बदलावाच लागला.