चिमुकल्या इंजिनाचे फुसकारे

खेळण्यातील आगगाडीला वीज रुळांमधून मिळते. जुन्या पद्धतीत विजेचा दाब वाढविला की गाडी धावे. पण एकाच रुळावर दोन इंजिने असली, तर दोन्ही एकदमच निघत. जर्मनीतील लेन्झ यांच्या पद्धतीवरून १९९० नंतरच्या दशकात नवी अंकीय पद्धती प्रमाण ठरली. तीत रुळांतून विजेबरोबर सांकेतिक आज्ञाही वाहतात. वर्गातील हजेरीप्रमाणे ज्याचा क्रमांक पुकारला जाईल, तेच इंजिन हलते. ही आज्ञा ओळखणाऱ्या चिमुकल्या पट्टीस ‘डीकोडर’ म्हणतात.

जुन्या इंजिनात डीकोडर बसविणे हे मोठ्या धीराचे काम! मोटारीचा रुळांशी असलेला थेट संबंध आधी पूर्णपणे तोडावा लागतो. तिचे एक टोक जरी सांगाड्याला टेकून राहिले, तरी डीकोडर क्षणार्धात जळून जाण्याची भीती असते.

आवाजाचा कर्णा इंजिनामागील कोळशाच्या डब्यात बसतो, तोही बंद पेटीत. उघडा ठेवल्यास त्याच्या पुढील व मागील ध्वनिलहरी एकमेकींना मारक ठरतात. दोन सिलिंडरांच्या खऱ्या इंजिनात प्रत्येक दट्ट्याला वाफ दोन्ही बाजूंनी आळीपाळीने रेटते. म्हणून मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चार फुसकारे उमटतात. डीकोडरमधील ध्वनी पुष्कळदा खऱ्याच इंजिनावरून मुद्रित केलेला असतो. तरीही तो चाकाशी जुळेपर्यंत जाणता कारागीर समाधान मानीत नाही.