पाणी गोठलं, नळ फुटला!

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं सोडवा पाहू. एक लोखंडी पाइप आहे. त्याच्यावर कुणी हातोडा मारलेला नाही, त्याच्यावरून कुणी ट्रॅक्टर नेलेला नाही, त्याला गंजही चढलेला नाही. रात्री धडधाकट असलेला हा पाइप सकाळी उभा चिरलेला सापडतो. सांगा, कुणी फोडला असेल?

उत्तर ऐकून हसाल. तो फोडला त्याच्याच पोटातल्या पाण्याने!

आपल्या नगर जिल्ह्यात (आता आपण अहिल्यानगर म्हणतो) अशी वेळ येत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दात वाजतात, शाळेत येताना कानटोपी लागते, पण नळातलं पाणी काही गोठत नाही. मात्र याच देशात काश्मीर आणि लडाखमध्ये दर हिवाळ्यात हा प्रश्न घरोघरी असतो. तिकडे सीमेवर पहारा देणाऱ्या जवानांमध्ये आपल्या जिल्ह्यातले कितीतरी जण आहेत. तुमच्यापैकी कुणाचे काका, मामा किंवा दादाही तिथे असतील. तेव्हा हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तेवढा लांब नाही.

पाण्याचा उफराटा स्वभाव

बहुतेक वस्तू थंड झाल्या की आकसतात. पाणीही आधी तसंच करतं. पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच! त्याहून थंड होऊ लागलं की ते आकसायचं सोडून उलट फुगू लागतं. शून्य अंशाला त्याचा बर्फ झाला, की ते एकदम जवळजवळ ९ टक्क्यांनी फुगतं. म्हणजे अकरा पेले पाणी गोठवलं, तर बर्फ होईल जवळजवळ बारा पेले.

असं का होतं? आपल्या शाळेचं मैदान डोळ्यांसमोर आणा. मधल्या सुट्टीत नळापाशी पन्नास मुलं एकमेकांना खेटून उभी असतात. जागा थोडी लागते. मग घंटा होते, कवायतीचे गुरुजी शिट्टी वाजवतात आणि म्हणतात, “हात लांब करून अंतर घ्या!” मुलं तेवढीच, पण आता अर्धं मैदान भरतं. पाण्याच्या कणांचंही तसंच आहे. पाणी असताना ते हवे तसे दाटीवाटीने वावरतात. बर्फ होताना मात्र ते ठरावीक अंतर राखून सहा कोनांच्या आखीव जाळीत उभे राहतात. अंतर वाढलं, की जागा जास्त लागणारच.

म्हणूनच बर्फ पाण्यावर तरंगतो. तळ्याच्या वर बर्फाची साय धरली, तरी खाली पाणी राहतं आणि मासे जगतात. निसर्गाची ही केवढी सोय! पण हाच स्वभाव बंद पाइपात वैरी होतो. फुगायला जागाच नसेल, तर बर्फ किती जोर लावतो म्हणता? हवेच्या दाबाच्या शेकडो पट! त्यापुढे लोखंडाचं काय चालणार?

नळ नेमका कुठे फुटतो?

यात एक गंमत आहे. पुष्कळदा बर्फ धरतो एका जागी आणि पाइप फुटतो दुसऱ्याच जागी. समजा, पाइप भिंतीबाहेरून येतो आणि घरातली तोटी घट्ट बंद आहे. बाहेरच्या भागात बर्फाचं बूच बसलं. बर्फ वाढत जातो तसं ते बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेलं पाणी दाबलं जातं. त्याला पळायला वाट नसते. दाब वाढत जातो आणि जिथे पाइप कच्चा असेल तिथे तो उकलतो.

आता तुमच्या लक्षात येईल, की थंड प्रदेशातले लोक रात्री तोटीतून पाण्याची बारीक धार का सोडून ठेवतात. वाहतं पाणी लवकर गोठत नाही हे तर झालंच, पण मुख्य म्हणजे उघड्या तोटीमुळे दाबाला वाट मिळते.

आणखी एक. फुटलेला पाइप लगेच कळत नाही, कारण भेगेतही बर्फच असतो. ऊन पडून बर्फ वितळला, की मग घरभर पाणी!

काश्मीर-लडाखची युक्ती

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून पुढच्या चाळीस दिवसांना ‘चिल्ले कलान’ म्हणतात. कडाक्याच्या थंडीचा हा काळ. त्या दिवसांत श्रीनगरमध्ये लोक उघड्या पाइपांना पोती, चिंध्या गुंडाळतात. पोतं स्वतः काही ऊब देत नाही हं! ते फक्त आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, आपल्या घोंगडीसारखं.

लेह तर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंच. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांच्या आसपासही उतरतो. तिथे पोत्याने भागत नाही. मग पाइप जमिनीत खोल पुरावे लागतात. खोल का? याचं उत्तर तुमच्या मळ्यातल्या विहिरीत आहे. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं की नाही? जमीन वरून गार पडते, पण खोलवर ती थंडी पोचायला फार वेळ लागतो. तोवर ऋतूच बदलतो. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे थंडीची लाट आली, की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचं पाणी सोडतात, ते याच कोमटपणासाठी. लेहचा पाइप आणि निफाडची विहीर, दोघांची राखणदार एकच: जमिनीची ऊब.

तरीही लेहमध्ये हिवाळ्यात अनेक नळ बंद ठेवून टँकरने पाणी पुरवण्याची वेळ येत आलेली आहे. आपल्याकडे टँकर येतो उन्हाळ्यात, तिकडे हिवाळ्यात! जुन्या लडाखी घरांतले संडास तर बिनपाण्याचे असतात. पाण्याऐवजी माती आणि राख टाकायची, वर्षभराने शेताला खत मिळतं. पाणीच नाही, तर गोठणार काय आणि फुटणार काय?

नगरचे रणगाडे आणि जोझिलाची थंडी

तुमच्यापैकी अनेकांनी नगरचं रणगाडा संग्रहालय पाहिलं असेल. ते १९९४ साली सुरू झालं. चिलखती दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र नगरला आहे आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्थाही इथेच आहे. सहल गेली, की मुलं तोफेची नळी किती लांब ते पाहतात. पण पुढच्या वेळी मार्गदर्शकांना एक प्रश्न जरूर विचारा: “हा रणगाडा बर्फात चालू कसा करतात हो?”

१ नोव्हेंबर १९४८ चा दिवस आपल्या चिलखती दलाच्या इतिहासात मोठा आहे. लेहच्या वाटेवरची जोझिला खिंड शत्रूने अडवून धरली होती. ही खिंडही साडेतीन हजार मीटर उंच. आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर दुसरं कळसूबाई ठेवलं, तरी जोझिलाच उंच ठरते! इतक्या उंचावर, बर्फ पडत असताना रणगाडा येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण मद्रास सॅपर्सच्या जवानांनी वाट तयार केली आणि ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे खिंडीत घुसले. शत्रूची दाणादाण उडाली आणि लेहचा रस्ता मोकळा होण्याची सुरुवात झाली.

अशा थंडीत गाडीची काळजी कशी घेतात? मोटारीचं, ट्रकचं इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमध्ये पाणी असतं. ते पाणी गोठलं, तर रेडिएटर फुटतो आणि इंजिनाच्या ओतीव लोखंडालाही तडा जातो. पूर्वी थंड प्रदेशातले ड्रायव्हर रात्री रेडिएटर रिकामा करत आणि सकाळी गरम पाणी ओतून गाडी चालू करत. आता पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळतात. पाणी निम्मं आणि ग्लायकॉल निम्मं घेतलं, तर ते मिश्रण शून्याखाली पस्तीस अंशांपर्यंत टिकाव धरतं.

ही युक्ती तुमच्या ओळखीची आहे बरं का. यात्रेतला कुल्फीवाला बर्फात मूठ मूठ मीठ टाकतो ना? मीठ मिसळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याला त्याहून थंडी लागते. त्यामुळे बर्फ आणि मिठाचा काला शून्याखाली जातो आणि कुल्फी घट्ट होते. मग रेडिएटरमध्ये मीठच का नाही टाकत? टाकलं तर सगळं लोखंड गंजून जाईल!

आई-बाबांनो, इथे तुमच्यासाठी एक सूचना. गाडीचं रंगीत कूलंट चवीला गोडसर असतं, पण ते जहाल विष आहे. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. सांडलं तर लगेच धुऊन काढा. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं त्याला फसतात.

चाकांवरचं घर

आपल्याकडे पाथर्डीकडची ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळी झाली, की गाडीत संसार घालून कारखान्याच्या वाटेला लागतात. ते पोटासाठी. अमेरिका-कॅनडात पुष्कळ लोक सुट्टीच्या फिरतीसाठी मोटारीच्या मागे एक छोटं घरच जोडून नेतात. आत ओटा, मोरी, न्हाणीघर, पाण्याची टाकी, गरम पाण्याचा बंब, सगळं असतं. उन्हाळा संपला, की हे घर अंगणात उभं राहतं. आत कुणी राहत नाही, शेगडी पेटत नाही. अशा घरातले बारीक पाइप पहिल्याच हिमाच्या रात्री फुटू शकतात.

म्हणून थंडीआधी ते काय करतात पाहा. टाकी रिकामी करतात. बंब आधी गार होऊ देतात, मगच त्यातलं पाणी सोडतात. सगळ्या तोट्या उघडून पाइपांत हवा मारतात, म्हणजे कोपऱ्यातलं पाणीही निघून जातं. किंवा मग एक गुलाबी द्रव पंपाने फिरवतात आणि प्रत्येक तोटीतून गुलाबी धार आली, की काम झालं असं समजतात. हा द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं मिश्रण. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात विषारी कूलंट चालत नाही, म्हणून हा वेगळा. मोरीखालच्या वाकड्या नळीत नेहमी थोडं पाणी साचलेलं असतं. तिथेही तो ओततात. वसंत ऋतू आला, की सगळं स्वच्छ धुऊन पुन्हा पाणी भरायचं.

आणि एवढं करूनही पाइप गोठलाच, तर? तोटी उघडी ठेवायची आणि गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळत तोटीच्या बाजूने मागे मागे जायचं. पेटता बोळा मात्र लावायचा नाही. त्याने घराला आग लागते.

एका पेल्याची किंमत

सियाचीनच्या हिमनदीवर नळ नाहीत. तिथे चहूकडे पाणीच पाणी, पण दगडासारखं घट्ट! जवान स्टोव्हवर बर्फ वितळवतात तेव्हा घोटभर पाणी मिळतं. शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला किती उष्णता लागते ठाऊक आहे? साध्या एक लिटर पाण्याला उकळी आणायला लागते जवळपास तेवढी! म्हणजे आपला चहा उकळेल एवढं इंधन जळतं, तेव्हा तिथे फक्त थंडगार पाणी तयार होतं. आणि ते इंधनही खालून वर न्यावं लागतं.

याच गोठण्याचा लडाखमध्ये चांगला उपयोगही करून घेतलाय. सोनम वांगचुक या अभियंत्याने २०१३ पासून ‘बर्फाचे स्तूप’ उभारायला सुरुवात केली. डोंगरावरच्या ओढ्याचं पाणी जमिनीत पुरलेल्या पाइपाने खाली आणायचं. उंचावरून आल्यामुळे ते पंपाशिवायच कारंज्यासारखं वर उडतं आणि पडता पडता गोठतं. त्याचा उंच सुळका तयार होतो. एप्रिल-मेमध्ये पेरणीला पाणी हवं असतं तेव्हा तो हळूहळू वितळतो आणि शेताला पाणी देतो. जो बर्फ पाइप फोडतो, तोच असा पाण्याची टाकी होतो.

करून पाहा

घरी फ्रीज असेल तर मोठ्यांना विचारून हा प्रयोग करा. प्लॅस्टिकच्या तीन सारख्या लहान बाटल्या घ्या. काचेची बाटली अजिबात नको, ती फुटून लागेल. पहिली काठोकाठ भरून बूच घट्ट लावा. दुसरी पाऊण भरा आणि पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करा. तिसरीही पाऊण भरा, पण तिच्यात तीन-चार चमचे मीठ विरघळवा. तिन्ही बाटल्या बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवा.

सकाळी काय दिसतं ते वहीत लिहा. कुठली बाटली फुगली? खुणेच्या वर बर्फ किती चढला? मिठाच्या पाण्याचं काय झालं? फ्रीज नसेल तर गावातल्या दवाखान्यात किंवा आइस्क्रीमच्या दुकानात विचारून पाहा. नाही म्हणणार नाहीत!

मुलांनो, आपल्याकडे नळ गोठत नाहीत, पण ते कोरडे पडतात. पारनेर, जामखेड, पाथर्डीच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. कुणी थंडीमुळे पाण्याची वाट पाहतं, कुणी उन्हामुळे. तेव्हा उद्या शाळेतल्या टाकीची तोटी गळताना दिसली, तर पुढे निघून जाऊ नका. ती घट्ट करा, वायसर गेला असेल तर गुरुजींना सांगा. लेहच्या मुलाने थंडीत तोटी थोडी उघडी ठेवायची, कारण त्याचा पाइप वाचायला हवा. आपण मात्र ती घट्ट बंद करायची!