बिग्डॉय : ऑस्लोच्या कुशीतलं राजाचं शेत

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या जुन्या घरांत ‘खासगी’ हा शब्द अजून कानावर येतो. राजघराण्याच्या खर्चासाठी वेगळी राखलेली जमीन, म्हणजे खासगी. अशा जमिनी शहर वाढल्यावर कशा टिकतात, याचा शोध घेताना मला नॉर्वेतलं एक उदाहरण सापडलं. ते इथे मांडतो.

ऑस्लो हे फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या खाडीच्या काठचं शहर. त्याच्या पश्चिमेला बिग्डॉय आहे. नावातल्या ‘ऑय’चा अर्थ बेट, पण आज तिथे चालत जाता येतं! हिमयुगातल्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून तिथली जमीन हळूहळू वर येते आहे, आणि त्यामुळे बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं.

१३०५ साली राजा पाचवा होकून याने ही जमीन राणी युफेमियाला दिली. पुढे ती जवळच्या होवेदॉया बेटावरील ख्रिस्ती मठाकडे गेली. सोळाव्या शतकात धर्मसुधारणेनंतर मठांची मालमत्ता राजाकडे आली, तशी हीसुद्धा. मग इथलं धान्य-दूध आकर्सहुस किल्ल्याला जाऊ लागलं. थोडक्यात, किल्ल्याची शेती. आजचा मुख्य वाडा १७३०च्या दशकातला.

१८८१ साली राजा दुसरा ऑस्कर याने इथे जुन्या लाकडी इमारती आणून उभ्या करायला सुरुवात केली. गोल नावाच्या गावचं, साधारण १२०० सालचं लाकडी चर्चही त्यात आलं. जगातल्या पहिल्या खुल्या संग्रहालयांत या संग्रहाची गणना होते. १९०७ साली तो शेजारच्या नॉर्वेजियन लोकसंग्रहालयात सामील झाला. २००४पासून शेतीचा कारभारही हेच संग्रहालय पाहतं.

मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. चर्च सुटं करून दुसरीकडे उभारता आलं, पण शेत उचलून नेता येत नाही. ते जागच्या जागी कसत राहिलं तरच टिकतं. राजधानीतल्या इतक्या मोक्याच्या जागेवर आजही गुरं चरतात, गवत कापलं जातं, ते काही आपोआप घडलेलं नाही. राजसत्तेची मालकी आणि नंतर संग्रहालयाची देखरेख, दोन्हींचा त्यात वाटा आहे.

आपण वाडे आणि छत्र्यांची नोंद करतो, ती करावीच. पण त्यांना पोसणारी शेतं, विहिरी, पाट कुठे होते, हे सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्यायला हवं. एकदा प्लॉट पडले की मग नुसतं कॉलनीचं नाव उरतं.